आबांना मालिश चालेल का? वय ७८

रंकाळ्याकाठचा: आमचे आबा तरुणपणी गंगावेश तालमीत जायचे, आता गुडघं धरल्यात, रात्री झोप नाही, आणि म्हणतात तालमीतल्यासारखं अंग रगडून दे. करू का? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.

पेठेतली सून: तालमीसारखं अजिबात नको हो! वयानं कातडी पातळ होते, त्यात ती गोळी, जरा जोर लागला की काळंनिळं पडतं. आमच्या सासूबाईंना मी कोमट तिळाचं तेल हलक्या हातानं लावते, १५-२० मिनिटं, गुडघ्याचा ठणका तेवढ्यापुरता कमी होतो आणि झोप बरी लागते. झीज काय भरून येत नाही म्हणा. खरं सांगू, निम्मा गुण तेलाचा नसतोय, कोणीतरी शेजारी बसून बोलतंय याचाच असतोय.

फिजिओवाला: एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर हात लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. शुगर असेल तर तेल किती गरम ते स्वतःच्या हातावर बघा, त्यांच्या पायाला चटका कळेलच असं नाही.

रंकाळ्याकाठचा: शुगर आहेच की! आणि तेलकट पायानं बाथरूमला सोडायचं नाही हेपण ध्यानात आलं, पुसूनच उठवतो.