चांदणी चौक: साताऱ्याकडून येताना कोथरूडला नक्की कुठे वळायचं?

कोल्हापूरकर:
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे कोल्हापूरहून पुण्यात कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत राहायला आलोय. गाडीने गावी जाणं-येणं असतं. परतताना चांदणी चौकात हमखास घोळ होतो. कोथरूड उजव्या हाताला राहतं आणि गाडी सरळ बाणेरच्या दिशेने निघालेली असते. शिवाय पुढच्या आठवड्यात आई-बाबा कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सने येतायत. बसवाला म्हणतो, चांदणी चौकात सोडतो. आईचे गुडघे दुखतात. त्यांना तिथे उतरू द्यावं का? आणि जुना पूल पाडून एवढं नवं बांधलं, तरी हा चौक कळायला इतका अवघड का?

वारजेवाला:
डहाणूकरला जायचंय ना? मग चांदणी चौकापर्यंत येऊच नका. वारज्याला हायवे सोडा, कर्वेनगरवरून घरी.

बावधनकर:
वारज्याचा सल्ला बरोबर आहे. पण आधी आई-बाबांचं सांगतो, ते जास्त महत्त्वाचं. त्यांना तिथे उतरू देऊ नका.

मुंबईकडे जाणारी बस त्यांना हायवेच्या डाव्या अंगाला सोडणार, म्हणजे मुळशीच्या बाजूला. कोथरूड पलीकडे, मध्ये भरधाव गाड्या. मी बावधनला राहतो, कामावरून येताना हे बघत आलोय: डोक्यावर बोचकं, काखेत पोर, दुसऱ्या हाताने ट्रॉली बॅग ओढत माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात, दोन ट्रकांच्या मध्ये फट कधी मिळते त्याची वाट बघत. कुणीतरी एक जण पळतो, की त्याच्या मागे बाकीचे पळतात. दुभाजकावर चढायला गुडघ्याएवढा पाय उचलावा लागतो. तुमच्या आईंना हे जमणार नाही, आणि जमलं तरी करायला लावू नये.

त्यापेक्षा कोल्हापूरहून स्वारगेटची एसटी घ्या. स्वारगेटहून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून वनाज. स्थानकांत लिफ्ट आहे. वनाजहून डहाणूकरला रिक्षा.

आता चौकाबद्दल. साताऱ्याकडून येताना पुणं उजवीकडे, पण हायवेवरून बाहेर पडायचं डावीकडूनच. उजवीकडे जायचंय म्हणून माणूस उजव्या लेनला चिकटून राहतो आणि फाटा निसटतो. एकदा निसटला की मागे फिरायला जागा नाही, लांबचा वळसाच. म्हणून वारजे मागे पडलं की लगेच डावी लेन धरायची, पाटी दिसायची वाट बघत बसायचं नाही.

अवघड का, याचं कारण जागेतच आहे. मुंबई-बेंगळुरू महामार्ग, कोथरूडकडून मुळशीला जाणारा पौड रस्ता, पाषाण-बावधन आणि एनडीए (लष्करी प्रबोधिनी) यांच्याकडे जाणारे रस्ते, एवढ्यांची गाठ डोंगराच्या कुशीत, खडक फोडून केलेल्या अरुंद जागेत पडते. पूर्वी एनडीए-पाषाण रस्त्याचा पूल हायवेवरून जायचा आणि त्याच्याखाली हायवेला रुंद व्हायला जागाच नव्हती. नव्या कामाचं भूमिपूजन २०१७ च्या ऑगस्टमध्ये झालं, पण जमिनीच्या ताब्यात वर्षं गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याला जाताना इथल्याच कोंडीत अडकले आणि मग हालचाल झाली. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पूल उडवला. तरी तो पूर्ण पडला नाही. आतलं लोखंड इतकं होतं की उरलेला सांगाडा यंत्रांनी ओढून काढावा लागला. नंतर कडेचा खडक फोडून हायवे रुंद केला. १२ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींच्या हस्ते लोकार्पण झालं. खर्च सुमारे ८६५ कोटी. रॅम्प, सेवा रस्ते धरून सगळे मिळून जवळजवळ १७ किलोमीटर.

गुंता रॅम्पचा आहे. एका रॅम्पवरून गाड्या हायवेला लागतात आणि थोडं पुढे गेलं की दुसऱ्या रॅम्पने काही गाड्या बाहेर पडतात. आत येणारा उजवीकडे सरकतो, बाहेर जाणारा डावीकडे. हे अंतर आखूड असलं की दोघे एकमेकांना आडवे जातात, ब्रेक लागतात आणि त्या ब्रेकची रांग मागे लांबपर्यंत जाते. पूल कितीही बांधा, हे अंतर वाढवलं नाही तर कोंडी फक्त पुढे सरकते.

पिरंगुटहून रोज:
एवढं वाईटही म्हणू नका. आम्हा मुळशीकरांना विचारा. पूर्वी कोथरूडला शिरायचं म्हणजे त्या पुलाखालच्या रांगेत गाडी बंद करून बसावं लागायचं. आता चौकात तसं थांबावं लागत नाही. आता भूगावात अडकतो, ती गोष्ट वेगळी.

बावधनकर:
दादा, तुमचं म्हणणं मान्य. गाडीवाल्यांचा त्रास कमी झाला, तो मीही रोज अनुभवतो आणि त्याचं समाधान आहे. माझं म्हणणं पायी माणसाबद्दल आहे. इथे एसटी थांबते, ट्रॅव्हल्स थांबतात, पीएमपी म्हणजे शहर बस थांबते. म्हणजे चौक ओलांडणारी माणसं असणारच, हे बांधायच्या आधीपासून ठाऊक होतं. रॅम्प आखले तेव्हाच पादचारी पूल आणि बसला हायवेबाहेर उभं राहायची जागा आखायला हवी होती. नंतर जोडायचं म्हटलं की खांबाला जागा सापडत नाही.

आणि आता पुढचा बदल येतोच आहे. वनाज-चांदणी चौक मेट्रोला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, उन्नत मार्ग आहे. स्थानकाचा जिना हायवेच्या एकाच बाजूला उतरवला तर पळणारी गर्दी आणखी वाढेल. दोन्ही बाजूंना जिना, लिफ्ट, आणि बसथांबा त्याच्या पायथ्याशी, एवढं आराखड्यात आत्ताच यायला हवं. आमच्या सोसायटीतून आम्ही तसं लेखी मागणार आहोत. तुम्हा मुळशीकरांच्या सह्या मिळाल्या तर जोर येईल.

कोल्हापूरकर:
सगळ्यांचे आभार. स्वारगेटच्या एसटीचं आरक्षण करतो. बावधनकर काका, सह्यांचं पत्र तयार झालं की इथे टाका. आमच्या इमारतीत कोल्हापूर-सांगलीचीच चार-पाच कुटुंबं आहेत, सगळ्यांच्या घरची माणसं त्याच चौकात उतरतात.

बावधनकर:
टाकतो. आणि एसटी उशिरा पोहोचणारी असेल तर शेवटची मेट्रो किती वाजता सुटते ते आधी ॲपवर बघून ठेवा.