भाऊ मिशनवरून आलाय पण आधीसारखा नाहीये

आम्ही गुहागर साइडचे. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, आर्मीत, यूएनच्या मिशनवर दक्षिण सुदानला होता, आता सुट्टीवर आलाय. तिथे वस्तीवर हल्ला झाला, बायकापोरं पळत कॅम्पच्या गेटवर आली, एवढंच एकदा बोलला नि गप्प. परवा शेजाऱ्यांनी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ केली तर धुराच्या वासानेच ताटावरून उठला, विहिरीपाशी जाऊन बसला, सुरमईची तुकडी तशीच. आई म्हणते नजर लागली, नारळ देऊ. काय करू?

> ताई, मी माजी फौजी, खेडचा. दक्षिण सुदानातच मलाकलला होतो. फेब्रुवारी २०१६, यूएनच्याच कॅम्पात ४० हजारांवर लोक आश्रयाला आणि तिथेच गोळीबार, तंबू जळाले, माणसं गेली. आपल्याला पाठवलेलं असतं नागरिकांना वाचवायलाच ना, मग जो वाचला नाही तोच डोक्यात राहतो. मला अजून जळून चिकटलेल्या रबरी चपला दिसतात. "काय बघितलंस" असं खोदून विचारू नका. आमचे बाबा मला नुसते खाडीवर गरीने मासे गरवायला न्यायचे, दोन दोन तास एक शब्द नाही, सहा महिन्यांनी मीच बोललो.

> नारळ द्या हो, आईला बरं वाटेल. पण १४४१६ ला फोनपण लावा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. फौजींसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, २०२३ मध्ये टेली मानसचाच वेगळा सेल सुरू झालाय.

थँक्स दादा. पप्पांना सांगितलं, माळ्यावरची गरी काढतायत.