खेळण्यातली आगगाडी : दिवा लागतो, हातात चाके फिरतात, रुळांवर मात्र अडते

जुळे_सोलापूरचे_आजोबा

नमस्कार. यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरून नातवासाठी सेलवर चालणारी आगगाडी घेतली होती. इंजिन वंदे भारतच्या धर्तीचे आहे (२०२३ च्या फेब्रुवारीत ती गाडी सोलापूर-मुंबई धावू लागल्यापासून आमच्या घरात दुसऱ्या इंजिनाला मान नाही), मागे चार डबे आहेत आणि प्लॅस्टिकचे गोल रूळ आहेत. इंजिनात दोन पेन्सिल सेल बसतात. नातू पुण्याला परतल्यावर गाडी सेलसकट माळ्यावर गेली. परवा खाली काढली तेव्हा एक अल्कलाइन सेल गळून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर जमलेला दिसला. तो चाकूने खरवडला, नवे सेल घातले आणि चाकांच्या आसांवर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडले. आता पुढचा दिवा लख्ख लागतो, इंजिन हातात धरले की चाके फिरतात, पण रुळांवर ठेवून डबे जोडताच नुसती घुरघुर होऊन गाडी थांबते. दिवा लागतो त्या अर्थी वीज पोहोचते आहे, म्हणजे मोटर गेली असावी, असा माझा तर्क आहे. नवी मोटर आणावी काय? नातू रविवारी येणार आहे.

मीटरधारी

आजोबा, मोटर आणण्याची घाई करू नये. हातात चाके फिरतात, म्हणजे मोटर जिवंत आहे. दिव्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या एवढ्याशा दिव्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो, तर भार ओढणाऱ्या मोटरला त्याच्या कित्येक पट लागतो. गंजलेल्या स्प्रिंगपाशी समजा २ ओहमचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) तयार झाला असेल, तर २० मिलिअँपिअर घेणाऱ्या दिव्यासाठी तिथे जेमतेम ०.०४ व्होल्ट खर्च होतात आणि दिवा मजेत लागतो. पण मोटरने अर्धा अँपिअर मागितला की त्याच जागी १ व्होल्ट गळतो आणि ३ पैकी २ व्होल्टच मोटरपर्यंत पोहोचतात.

हे तपासणे सोपे आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून इंजिन चालू असताना, चाके बोटाने किंचित अडवून, आधी सेलच्या दोन टोकांवर आणि मग मोटरच्या दोन पत्र्यांवर विजेचा दाब (व्होल्टेज) मोजावा. चाके पूर्ण रोखू नयेत, मोटर तापते. दोन आकड्यांत मोठा फरक आला, तर दोष मधल्या वाटेत आहे : स्प्रिंग, स्विच किंवा तारेचा सोल्डर. सेलवरचाच दाब कोसळला, तर मात्र तुमचे नवे सेल नावापुरते नवे आहेत.

अल्कलाइन सेलची गळती क्षारीय असते, त्यामुळे इअरबडवर लिंबाचा रस किंवा पांढरे व्हिनेगर घेऊन थर विरघळवावा, मग ओल्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवावे. (साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे खाण्याचा सोडा चालतो.) हातमोजे घालावेत आणि डोळे सांभाळावेत. चाकू पुन्हा लावू नये; स्प्रिंगवरचा मुलामा निघाला की खालचे पोलाद पावसाळ्यात गंजू लागते.

घाईत_आहे

एवढा खटाटोप कशासाठी? पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. ते दोन घाला, गाडी पळेल.

मीटरधारी

कृपया असे करू नये. दोन मिळून ७.४ व्होल्ट होतात. ३ व्होल्टची मोटर आणि दिवा त्यात जळतील, आणि संरक्षण नसलेला लिथियम सेल लहान मुलाच्या खेळण्यात असणे मला मुळीच मान्य नाही. पुन्हा भरता येणारेच हवे असतील, तर १.२ व्होल्टचे निकेल-मेटल-हायड्राइड सेल घ्यावेत. गाडी थोडी संथ चालेल, पण भाराखाली त्यांचा दाब चांगला टिकतो.

माग_सोडलेला

मीटरबद्दल वरच्यांनी योग्य सांगितले आहे, परंतु मला एक विचारावेसे वाटते : रूळ मांडता कशावर? आपल्याकडे मुलांना खाली चादर अंथरून खेळायला बसवण्याची रीत आहे, आणि चादरीच्या दश्या आसाला अशा गुंडाळतात की बाहेरून काही दिसत नाही. तीस वर्षे यंत्रमागावर काढल्यामुळे फिरणाऱ्या लोखंडावर सूत कसे चढते, हे मी पुरेपूर पाहिले आहे. त्यावर तुम्ही खोबरेल सोडलेत. तेल, धूळ आणि सूत मिळून तिथे आता काकडाच तयार झाला असेल. खालचे स्क्रू काढून आस बाहेर घ्यावा, चिमट्याने सूत सोडवावे, तेल पुसावे, आणि आसाला शिलाई मशीनचे तेल सुईच्या टोकाने लावावे. रबरी कड्यांना तेल लागले असेल, तर त्या साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, नाहीतर चाके जागच्या जागी घसरतील.

उघडलेच आहे तर मोटरच्या दांड्यावरचा पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाकही पाहावे. त्याला उभी चीर गेली असेल, तर भार नसताना तो फिरतो आणि भार आला की दांडा आतल्या आत सरकतो. चिरलेला पिनियन बदलावाच. फेव्हिक्विकचा मोह टाळावा. तो ओघळून मोटरच्या तोंडात गेला, तर मोटर खरोखरच जाईल.

जुळे_सोलापूरचे_आजोबा

आपणा दोघांचा आभारी आहे. शेजाऱ्यांच्या मीटरवर सेलपाशी २.९ आणि मोटरपाशी १.८ व्होल्ट आले. लिंबाने स्प्रिंग पुसली आणि स्विच वीसेक वेळा मागेपुढे केला, तेव्हा मोटरपाशी २.७ मिळू लागले. तरीही गाडी दोन डब्यांपुढे ओढेना. मग आस काढला. आमच्याच निळ्या चादरीचे सूत निघाले, चांगले वीतभर. पिनियन शाबूत आहे.

काल एकेक डबा वाढवत पाहिले. तीन डब्यांसह गाडी अडखळत नाही. चौथ्याचा आस वाकलेला असल्याने तो वळणावर घासतो. तो नातवाच्या फोनवरील आदेशानुसार कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात, म्हणजे आमच्या दिवाणाखाली, रवाना केला आहे. तारेचा साधा तुकडा त्याला आस म्हणून चालेल का, की त्यासाठी सायकलचा आरा कापावा लागेल?

माग_सोडलेला

आधी जुन्या आसाची जाडी मोजावी. आरा साधारण २ मिलिमीटरचा असतो. तेवढाच आस असेल तर उत्तम, कारण साधी तार पुन्हा वाकेल. कापलेली टोके कानशीने घासून गोल करावीत, म्हणजे मुलाच्या बोटाला लागणार नाहीत.