‘एस्चीट’चं मराठी काय करावं?

अंबाजोगाईला वकिली करणाऱ्या भाच्याने विचारलं, “मामा, एका इंग्रजी निकालाचं भाषांतर करतोय. त्यातल्या ‘एस्चीट’ला ‘जप्त होणे’ लिहू का?”

नको रे. जप्तीमागे थकबाकी असते, नाहीतर गुन्हा. इथे मालकाची काहीच चूक नाही. माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे वारस उरला नाही, म्हणून मिळकत सरकारकडे गेली. ‘जप्त’ लिहिलंस तर गेलेल्या माणसावर आळ येतो.

मुळात लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘कादेरे’ म्हणजे पडणे. जुन्या फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत आला तो ‘वाट्याला पडलेलं’ या अर्थाने. आपणही म्हणतोच की, वाटणीत विहिरीकडचं रान थोरल्याला पडलं. सरंजामी इंग्लंडात वंश खुंटला की जमीन परत सरदाराकडे किंवा राजाकडे जायची. त्यावर नेमलेले राजाचे अधिकारी म्हणजे ‘एस्चीटर’. त्यांनी लोकांना इतकं नाडलं, की याच शब्दाचं डोकं उडून ‘चीट’ उरला, फसवणे या अर्थाचा.

आपल्याकडे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २९ याच प्रसंगासाठी आहे. मिळकत सरकारकडे जाते, पण तिच्यावरचं देणं आणि बोजाही सोबत जातो. संविधानाच्या अनुच्छेद २९६ मध्ये हा शब्द आहेच.

मग लिहावं काय? ‘सरकारजमा होणे’. पण निवडणुकीची अनामतही सरकारजमा होते, म्हणून आधी ‘वारसाअभावी’ जोडच. आणि ‘केली’ नको, ‘झाली’ लिही. इंग्रजीतही बहुधा जमीनच कर्ता असते : जमीन सरकारकडे ‘एस्चीट’ होते.

“मग ‘बेवारस’ का नको? गावाकडं तर तसंच म्हणतात.”

म्हणतात, आणि शब्दाच्या पोटात वारस आहे हेही खरं. पण बसस्टँडवर पडलेली पिशवीसुद्धा बेवारसच, कारण ती कुणाची ते माहीत नसतं. आपल्या शेजारच्या आजीचा वाडा आठव. मूलबाळ नाही, माहेरचं-सासरचं कुणी उरलं नाही. तरी लिंबाखालचा तो ओटा अजून सगळे आजीचाच म्हणतात. त्याला बेवारस म्हणायला माझी जीभ वळत नाही. तू लिही : ‘वारसाअभावी सदर मिळकत सरकारजमा झाली.’