कोथरूडच्या घरातील संगणक परदेशातून वापरण्याविषयी

सप्रेम नमस्कार,

माझा संगणक पुण्यात कोथरूडच्या घरी आहे. रिमोट डेस्कटॉपसाठी, म्हणजे तो दुरून वापरता यावा म्हणून, राउटरवर ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) उघडूनही येथून जोडणी होत नाही. शिवाय वसतिगृहाची फायरवॉल वेबसाइटींखेरीज बहुतेक सर्व अडवते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

एक सभासद

———

सप्रेम नमस्कार,

ते पोर्ट आजच बंद करावे. पासवर्डचा अंदाज बांधत फिरणारे प्रोग्राम नेमके तेच चाचपत असतात.

मग घरी वडिलांना राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहायला सांगावे. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, असे समजावे. पत्र वाड्याच्या दिंडीदरवाजापर्यंत येते, पण त्यावर बिऱ्हाडाचे नाव नसते. मग आपण आपल्या खोलीचे दार कितीही उघडे ठेवले तरी उपयोग नाही.

म्हणून हाक आतून बाहेर द्यावी लागते. सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घ्यावा, घरच्या संगणकाने त्याच्याशी एसएसएचचा (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीचा) उलटा बोगदा सतत जोडलेला ठेवावा आणि आपण वसतिगृहातून त्याच सर्व्हरवर येऊन त्या बोगद्याने घरी पोहोचावे. सर्व्हरवरील एसएसएच नेहमीच्या २२ ऐवजी ४४३ वर ठेवावे, कारण सुरक्षित वेबसाइटी त्याच पोर्टवरून चालत असल्याने ते सहसा अडवले जात नाही. मात्र काही फायरवॉल पोर्टवर न थांबता आतील संभाषणाची धाटणीही तपासतात. तेथे ही युक्ती फसते. एसएसएचसाठी पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी, म्हणजे ओळख पटवणाऱ्या दोन जुळत्या फाइली, वापरावी.

इतका खटाटोप नको असल्यास टेलस्केल हे आपल्या संगणकांना खासगी जाळ्यात जोडणारे सॉफ्टवेअर घ्यावे. मी स्वतः अखेरीस तेच स्वीकारले. त्यातही दोन्ही संगणक बाहेरच्या दिशेनेच जोडणी करतात, आणि थेट मार्ग न मिळाल्यास कूटबद्ध माहिती ४४३ वरून मध्यस्थ सर्व्हरमार्गे जाते. वसतिगृहाच्या नियमांत हे बसते का, ते आधी विचारून घ्यावे.

वीज गेली की सारे मुसळ केरात. वीज परतताच संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी सोय बहुधा बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. ती चालू करावी आणि स्लीप बंद ठेवावे.

एक सभासद, सध्या मुक्काम पुणे

———

सप्रेम नमस्कार,

वॅन आयपी १००.७१ ने सुरू होतो, त्यामुळे निदान अचूक ठरले. टेलस्केलने काल जोडणी झाली, परंतु रात्री साडेदहाला तुटली. चौकशीअंती कळले की आई निजण्यापूर्वी त्या खोलीतील सर्व बटणे बंद करते.