राजवाड्यात कोर्ट भरलं, त्यात अपमान कसला?

मंगळवारपेठकर: काल इथे एकाने लिहिलं, 'साताऱ्याच्या नव्या राजवाड्यात कोर्ट भरवणं हा गादीचा अपमान होता, आता संग्रहालयाशिवाय काही नको.' राहवलं नाही. वाडा पुरा झाला 1844 ला. साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज 1848 ला गेले, पाठोपाठ राज्य खालसा. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तिथे कोर्टच होतं. माझे वडील तिथे कारकून. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, व्हरांड्यात भाकरीची शिदोरी सोडून बसलेले जावळी-पाटणचे पक्षकार. गळती लागली की माणूस वर चढायचा. माणसांचा वावर होता म्हणून वाडा टिकला.

गोडोलीकर: आणि वायरिंगसाठी भिंतीत ठोकलेले खिळे? सागवानी खांबांना फासलेला ऑइलपेंट? कचेरीला वाडा म्हणजे नुसत्या खोल्या. संग्रहालयच हवं.

शाहूनगर_ताई: संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे की! 2024 ला वाघनखं तिथेच ठेवली होती. वाड्यात अभ्यासिका करा. पोरं भाड्याच्या खोल्यांत कोंबून एमपीएससीचा अभ्यास करतात. शेजारी जुन्या राजवाड्यातल्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. हा वारसा नाही का?

गोडोलीकर: ताई, शाळेबद्दल वाद नाही. पण अभ्यासिका म्हटली की दोनशे गाड्या. लावणार कुठे?

मोतीचौक: गाड्यांचं बोललात ते बरं केलंत. शनिवारी संध्याकाळी राजवाड्याजवळच्या गांधी मैदानाकडे या. चौपाटीच्या खाण्याच्या हातगाड्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते, माझ्या दुकानासमोर रोज दुचाक्यांची रांग. आधी चौपाटी हलवा.

भेळवाल्याचा_पोरगा: हलवा म्हणे! त्याच गाड्यावर आम्ही दोघं भाऊ शिकलो. तुमचं गिऱ्हाईक आमच्याकडे खायला येतं म्हणूनच पुढे तुमच्या दुकानात शिरतं.

मोतीचौक: माझं दुकान तुमच्या चौपाटीच्या आधीपासूनचं आहे. मला शिकवू नका.

मंगळवारपेठकर: अहो, वाड्यावर बोला! गोडोलीकर, खिळ्यांचं तुमचं खरं आहे, तेवढं मानतो. पण त्यावर नियम करता येतो: भिंतीला हात लावायचा नाही, वायरिंग बाहेरून. कुलूप घातलेल्या वाड्यातली वाळवी कुठला नियम पाळत नाही.

गोडोलीकर: नियम लेखी दाखवा आणि दर पावसाळ्याआधी तपासणी कोण करणार ते सांगा. मग अभ्यासिकेला एक दालन द्यायला माझी हरकत नाही. दरबार हॉल मात्र नाही.