काउंटी पार्कातलं ग्रुप कॅम्पिंग: काय फसलं ते सांगा

मंडळी, उन्हाळा लागला की आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "यंदा कॅम्पिंग कुठे?" सुरू होतं. योसेमिटी नॅशनल पार्कचं बुकिंग हाती लागत नाही, लागलं तरी पोरांना घेऊन चार तासांचा प्रवास. मग गाडी येते सँटा क्लारा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पार्कांवर. ग्रुप साइट घेतली की तंबू एकत्र, चूल एकत्र आणि रुसवेफुगवेही एकत्रच. फोटोत सगळं छान दिसतंच, मला फसलेलं वाचायचंय. सुरुवात मी करते.

माउंट मॅडोना, गेल्या वर्षीचा जुलै, आठ कुटुंबं. वाटेत लसणासाठी प्रसिद्ध असलेलं गिलरॉय आलं आणि बंद काचांतूनही लसणाचा वास गाडीत शिरला. लेक म्हणाली, "आई, कोणीतरी फोडणी दिलीय." सकाळचे पोहे माझ्याकडे होते. अठ्ठावीस माणसं, अडीच किलो पोहे, दोन बर्नरचा स्टोव्ह, आणि चाळणी घरी! शेवटी सासऱ्यांचा कोरा पंचा पसरला, दोघींनी चार टोकं धरली, तिसरीने नळाचं पाणी पातेल्याने ओतलं. पोहे मोकळे झाले. शेंगदाणे मात्र जळले, ते मी मान्य करत नाही.

•

मी रत्नागिरीचा, मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. तंबूत झोपायचं म्हटल्यावर हिने कपाळाला हात लावला. आमचाही मुक्काम माउंट मॅडोनालाच, रेडवुडच्या झाडांखाली. रात्री दोनला टपटप ऐकू आलं. मुलाला उठवलं, "अरे, पाऊस आला, चपला आत घे." तो म्हणतो, "बाबा, इथे जुलैत पाऊस नसतो." झोपेतही वाद घालतो. बॅटरी घेऊन बाहेर गेलो. झाडाखालची माती ओली, तंबूवर पागोळ्या, आणि दहा पावलांवर मोकळ्या जागेत धूळ कोरडी ठणठणीत! समुद्रावरून आलेलं धुकं पानांवर जमून थेंबाथेंबाने खाली गळत होतं. या झाडांचा कोरडा उन्हाळा बराचसा त्याच पाण्यावर निघतो, असं सकाळी कळलं. चपला ओल्या झाल्याच.

•

आमचा किस्सा पॉइझन ओकचा, म्हणजे अंगाला लागलं की फोड आणणाऱ्या झुडपाचा. मार्शमॅलो भाजायला काड्या हव्यात म्हणून दोन पोरं झुडपात शिरली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर एकाचे हात लाल, तिसऱ्या दिवशी पाणी भरलेले फोड. आम्ही इंटरनेटवर शोधत बसलो आणि आमच्या आईने लांबूनच सांगितलं, "अगं, हा बिब्बा उतल्यासारखा दिसतोय." ती चुकली नव्हती. पॉइझन ओक, बिब्बा, काजू, आंबा, सगळे एकाच कुळातले. त्वचा बिघडवतं ते पॉइझन ओकच्या रसातलं तेल, आणि ते कपड्यांवर, बुटांवर, कुत्र्याच्या केसांवरही बसून राहतं. म्हणून शंका आली की लगेच भांड्यांच्या साबणाने धुवायचं, कपडे वेगळे टाकायचे. तीन-तीन पानांचा झुपका दिसला की लांब राहा. आणि त्याची वाळकी काडी शेकोटीत टाकू नका, धूर जास्त वाईट.

•

रॅकून. श्रीखंड. चार बाजूंनी क्लिप लागणारा डबा. क्लिपा त्याने एकेक करून उघडल्या, आमच्या धाकट्याला अजून जमत नाहीत. खाणं गाडीत ठेवा हो, तंबूत नको.

•

आम्ही दरवर्षी काउंटीच्याच जोसेफ ग्रँट पार्कला जातो, तेही मुद्दाम सप्टेंबरअखेर. तेव्हा टॅरँट्युला बाहेर पडतात. तळहाताएवढा केसाळ कोळी संध्याकाळी पायवाट ओलांडत असतो, अगदी सावकाश, एकेक पाय चाचपत. पहिल्या वर्षी बायका-पोरं टेबलावर आणि (खरं सांगतो) मीही. मग रेंजरबाईंनी समजावलं, हे नर, मादी शोधत फिरतात, तुमच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. तेव्हापासून पोरं त्यांना 'नवरदेव' म्हणतात.

रात्री दहाला शांतता पाळावी लागते, आमची अंताक्षरी नेमकी तेव्हाच रंगते. मग कुजबुजत गायची, त्यात कोण हरलं ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वर डोंगरावरच्या लिक वेधशाळेत जा. १८८८ पासूनची ३६ इंची दुर्बीण, आणि ज्याच्या पैशाने ती उभी राहिली तो जेम्स लिक तिच्याच पायाखाली पुरलेला. रस्ता घोडागाड्यांसाठी काढलेला, चढ हलका ठेवायचा म्हणून वळणं बेसुमार. मागच्या सीटवरच्यांना आल्याची वडी द्या, पोहे अजिबात नकोत. आणि पेट्रोल खाली सॅन होजेतच भरा, वर पंप नाही.